आंतरराष्ट्रीय युवा शिबिराच्या आयोजन समितीस खुले पत्र: आभार पुरेत, ड्यूटीचा तक्ता द्या

प्रति,
आयोजन समिती,
आंतरराष्ट्रीय युवा शिबिर.

विषय: स्वयंसेवकांबाबतचं नवं परिपत्रक

सस्नेह नमस्कार.

पुढच्या शिबिरातल्या स्वयंसेवकांसाठी तुम्ही काढलेलं परिपत्रक वाचलं. कामाच्या वेळा 'लवचिक' राहतील, मधला सुट्टीचा दिवस 'शक्य असल्यास' मिळेल आणि स्वयंसेवकांची संख्या घटवून रचना 'सुटसुटीत' केली जाईल, अशी तीन कलमं त्यात आहेत. सोबत मागच्या शिबिराचा आढावा जोडलाय. छान छापलाय, फोटो तर फारच सुरेख. त्यात स्वयंसेवक भेटतात ते थेट शेवटच्या पानावर, आभाराच्या परिच्छेदात. आधीच्या पानांवर जे जे घडलं ते जणू आपोआप घडलं.

या तीन कलमांबद्दल मी आधी तुम्हालाच लिहिलं होतं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' अशी पोच आली, ती यंत्राने पाठवलेली. त्यापुढे काही नाही. शिबिर संपल्यावरच्या अभिप्राय फॉर्मात जेवण, तंबू आणि कार्यक्रम यांना तारे द्यायचे होते. ड्यूटीबद्दल एकही प्रश्न नव्हता. म्हणून आता जाहीर लिहितेय. मराठीत अशासाठी, की पुढच्या वेळी जायची इच्छा असलेली बरीच मुलं-मुली मला विचारतात, अर्ज भरावा का? त्यांनाही हे वाचता यायला हवं. इंग्रजी प्रत तुमच्याकडे आहेच.

शिबिराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शिवाय एका समितीला झोडपून काही साधत नाही, कारण अशीच भाषा मी दुसऱ्या शिबिरांच्या परिपत्रकांतही वाचली आहे.

मी पेशाने कारखान्यातली सेफ्टी ऑफिसर. शिफ्ट रजिस्टर, नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी, कोण किती वेळ मशीनवर उभं होतं, हे बघण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे शिबिरात माझी नजर इतरांपेक्षा जरा जास्त खुपणारी होती, हे मान्य. पण मी तिथे तपासणीला आले नव्हते. रजा टाकून, शुल्क भरून, विमानाचं तिकीट काढून आले होते, आणि मला पाण्याच्या नळांवर आणि रात्रीच्या मदत तंबूत नेमलं होतं. दोन्ही कामं मला मनापासून आवडली. ती पुन्हा करायची आहेत, म्हणूनच एवढं लिहायचा खटाटोप.

आधी एक गैरसमज दूर करते. आम्हाला पगार नकोय. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम करायला स्वतःच पैसे भरायचे, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं, आम्हाला वाटत नाही. जागतिक स्काउट जांबोरीत, म्हणजे स्काउट मुलामुलींच्या जागतिक मेळाव्यात, आंतरराष्ट्रीय सेवा पथकातली 18 वर्षांवरची हजारो माणसं असंच करतात. तिथे 14 ते 17 वयोगटातल्या 36 मुलांचं एक युनिट, त्यांच्यासोबत 4 प्रौढ नेते, आणि त्या सगळ्या युनिटांच्या पाठीशी हे सेवा पथक: स्वयंपाकघर, गेट, प्रथमोपचार, वाहतूक, कचरा, कार्यक्रम. आपलं पांघरूण आपण आणायचं आणि पडेल ते काम करायचं. 1920 मध्ये लंडनच्या ऑलिंपियात पहिली जांबोरी भरली तेव्हापासून ही चळवळ स्वयंसेवकांच्याच बळावर चालत आली आहे.

गैरसोयीबद्दलही माझी तक्रार नाही. गळका तंबू, थंड पाण्याची आंघोळ, जेवणाची रांग, पायाला फोड, हे सगळं शिबिरात येणारच. 1929 ची इंग्लंडमधल्या ॲरो पार्कची जांबोरी पावसात आणि चिखलात गेली आणि लोक पुढे वर्षानुवर्षं त्या चिखलाचे किस्से अभिमानाने सांगत राहिले. ती गंमत मलाही कळते. पण गैरसोय मी स्वतःहून पत्करते. धोका मात्र दुसऱ्या कुणीतरी टेबलाशी बसून माझ्यावर आणि माझ्या हवाली केलेल्या पोरांवर टाकलेला असतो. 'शिबिर म्हटलं की थोडं सोसावंच लागतं' हे वाक्य तुमच्या बैठकांमध्ये या दोन्हींसाठी सरसकट वापरलं जातं, अशी मला शंका आहे.

धोका म्हणजे काय ते सगळ्या जगाने 2023 मध्ये पाहिलं. दक्षिण कोरियात सेमानगमला पंचविसावी जांबोरी भरली. दीडशेहून अधिक देशांतले सुमारे 43,000 जण समुद्र हटवून तयार केलेल्या सपाट, सावली नसलेल्या जमिनीवर राहायला आले. पाण्याचा निचरा होत नव्हता, पारा पस्तिशीच्या आसपास, शौचालयांची अवस्था वाईट. पहिल्या काही दिवसांतच शेकडो जण उष्णतेने आजारी पडले. ब्रिटनने आपली सुमारे 4,500 जणांची तुकडी, म्हणजे सगळ्यात मोठी तुकडी, काढून घेतली. अमेरिका आणि सिंगापूरही बाहेर पडले. 8 ऑगस्टला खानून वादळाच्या भीतीने उरलेल्या सगळ्यांना हजाराहून जास्त बस लावून हलवावं लागलं. यजमानपद 2017 मध्ये बाकूच्या जागतिक स्काउट परिषदेत ठरलं होतं. सहा वर्षं हाती होती. ऑगस्टमध्ये तिथे उकाडा असतो आणि वादळं येतात, हे कुणाला ऐन वेळी कळलेलं नव्हतं.

वादळ याआधीही आलं आहे. 1971 मध्ये जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी, असागिरीच्या पठारावर जांबोरी चालू असताना वादळ आलं आणि हजारो स्काउटांना तिथून हलवून आसरा द्यावा लागला. म्हणजे निसर्गाने काही नवीन केलेलं नाही. त्यामुळे सेमानगमनंतर 'हवामानापुढे कुणाचं काय चालतं' असं म्हणणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर वाटत नाही. हवामान आपल्या हातात नसतं. नळ किती बसवायचे, सावली किती उभारायची, माणसं किती ठेवायची आणि त्यांना किती वेळ उभं करायचं, हे असतं.

आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी स्फिअर नावाचे किमान निकष जगभर वापरतात. त्यांत एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं आणि एका शौचालयामागे 20 माणसं असा हिशेब आहे. अगदी सुरुवातीच्या धांदलीत शौचालयामागे 50 चालतात. भूकंपानंतर रातोरात उभ्या राहणाऱ्या छावणीचा हा हिशेब. आपलं शिबिर कित्येक वर्षं आधी ठरलेलं, शुल्क आगाऊ घेतलेलं. तरी माझ्या नळांच्या रांगेवर दुपारी जी गर्दी व्हायची ती पाहता तुम्ही हे गुणोत्तर पाळलं होतं का, हे मला आढाव्यात वाचायला आवडलं असतं. पाळलं असेल तर आकडा द्या, मी जाहीर शब्द मागे घेईन.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, उन्हाची. नळांवर उभं राहायचं काम दिसायला सोपं. बाटल्या भरून घ्यायच्या, पोरांना रांगेत ठेवायचं, सांडलेल्या पाण्यात कुणी घसरू नये म्हणून फळ्या सरकवायच्या, आणि प्रत्येकाला सांगायचं की तहान नसली तरी पी. आमच्या जोडीला परदेशातली एक विशीतली मुलगी होती. पहाटे गेटवर ड्यूटी करून ती थेट नळांवर आलेली, कारण गेटची बदली आली तरी नळांची आलीच नव्हती. दुपारी एका मुलाने तिला प्रथमोपचार केंद्र कुठे आहे विचारलं. तिने हात करून सांगितलं. तो वळला, आणि तिने त्याच्या पाठीला तेच वाक्य पुन्हा सांगितलं, अगदी त्याच सुरात. मग माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा. तिचा चेहरा लालबुंद होता आणि हातातली बाटली भरून वाहत होती तरी तिला नळ बंद करायचं सुचत नव्हतं.

उष्माघाताची पहिली खूण चक्कर असतेच असं नाही. अशी बरळ, असा गोंधळही असतो. तिथे आधी शरीर थंड करायचं आणि मग हलवायचं, हा नियम. आम्ही तिला नळाखालीच बसवलं, शर्टासकट भिजवलं, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली, पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. दोन धट्टीकट्टी पोरं न सांगता बादल्या आणायला धावली. वॉकीटॉकीवर मी विभागप्रमुखांना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता: 'मग तिच्या जागी आता कोण उभं राहणार?'

त्यांना मी दोष देत नाही. ते स्वतः स्वयंसेवकच होते, रात्रभर जागलेले, आणि त्यांच्या हातात खरोखरच एकही माणूस शिल्लक नव्हता. मुलगी सावरली, दुसऱ्या दिवशी हसत भेटली. तुमच्या आढाव्यात 'उष्णतेसंबंधी तक्रारी वेळीच हाताळल्या गेल्या' असं एक वाक्य आहे. ते तिच्याबद्दल असेल तर त्या हाताळण्यात तुमच्या व्यवस्थेचा वाटा शून्य होता.

माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगते. उन्हातल्या कामाचा धोका नुसत्या तापमानावरून ठरवत नाहीत. तीन तापमापक लावतात: एक साधा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला आणि एक काळ्या गोळ्यात बसवलेला. उघड्यावर ओल्याला 70 टक्के, काळ्या गोळ्याला 20 टक्के आणि साध्याला 10 टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. दमटपणाला एवढं वजन का, तर हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ही मोजणी करणारं यंत्र हातात मावतं. कारखान्यात त्या आकड्यावरून ठरतं की तासातली किती मिनिटं काम आणि किती मिनिटं सावली. शिबिरात मात्र मोबाइलवरचं हवामान बघून 'आज जरा जपा' असा निरोप यायचा.

दुसरी तक्रार, सवयीची. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. अमेरिकेची कामगार सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते की उष्ण कामावर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या 20 टक्क्यांहून जास्त देऊ नये, आणि पुढे रोज 20 टक्क्यांहून जास्त वाढवू नये. आमचं काय होतं? विमानातून उतरलो की दुसऱ्या सकाळी तंबूंचे खांब उचलायला. सगळ्यात अवजड काम सगळ्यात आधी, मुलं यायच्या आत, आणि तेही ज्यांच्या अंगाला तिथली हवा अजून माहीत नाही त्यांच्याकडून.

तिसरी तक्रार रात्रीची, आणि तीच मला सगळ्यात जास्त सलते.

अशा शिबिरांत मुलांच्या संरक्षणाचं प्रशिक्षण प्रत्येक प्रौढाला सक्तीचं असतं. स्काउट चळवळीत 'सेफ फ्रॉम हार्म' नावाने ते चालतं, तुमच्याकडेही त्याच धर्तीवर ऑनलाइन धडे होते, परीक्षा होती, प्रमाणपत्राशिवाय ओळखपत्र मिळत नव्हतं. अगदी योग्य. त्यातला पायाचा नियम हा, की कुठल्याही प्रौढाने एकट्याने एका मुलासोबत बंद जागेत राहायचं नाही. दोन प्रौढ हवेत, किंवा किमान चारचौघांच्या नजरेसमोर असावं. हा नियम मुलाला जपतो आणि मोठ्यालाही.

मदत तंबूत रात्री कोण येतं? बॅग हरवलेली, वाट चुकलेली, पोट दुखणारी, युनिटमध्ये भांडण झालेली, आणि घरची आठवण काढून झोप न येणारी पोरं. यातली शेवटची बोलत नाहीत. बॅटरी चार्ज करायचं निमित्त काढून येतात आणि खुर्चीत बसून राहतात. एका रात्री असाच एक मुलगा आला. माझ्यासोबतच्या स्वयंसेवकाला तासाभरापूर्वी बसच्या तळावर पाठवलं होतं, तिथे माणूस कमी पडला म्हणून. मी एकटी. मुलाला ना माझी भाषा धड येत होती, ना मला त्याची. त्याचं युनिट कुठलं ते गळ्यातल्या कार्डावर होतं, पण त्याच्या नेत्याचा नंबर लागत नव्हता.

त्याला तंबूत बसवता येईना, कारण मी एकटी. परत अंधारातून एकटा पाठवता येईना. शेवटी दोन खुर्च्या उचलून रस्त्यावर आणल्या, विजेच्या खांबाखाली, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही लांबूनही दिसू. मध्ये हातभर अंतर. त्याच्या अंगावर माझं जॅकेट. किडे डोक्यावर पडत होते. तो आपल्या स्कार्फची गाठ सोडत होता, बांधत होता, पुन्हा सोडत होता, आणि मी वॉकीटॉकीवर दर थोड्या वेळाने दुसरा माणूस मागत होते. मिळालेलं उत्तर असं: 'तू अनुभवी आहेस, सांभाळून घे.' खूप वेळाने त्याचा नेता शोधत शोधत स्वतःच येऊन पोहोचला.

काही वाईट घडलं नाही. पण कारखान्यात अशा प्रसंगाला मी नियर मिस म्हणून नोंदवते आणि त्यावर बैठक लागते. शिबिरात त्याची नोंद करायला वहीच नव्हती. प्रशिक्षणाचा नियम तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतला, परीक्षा घेतली, सही घेतली. तो पाळायला लागणारं दुसरं माणूस मात्र दिलं नाहीत. उद्या काही आक्रीत घडलं असतं तर सही कुणाची दाखवली गेली असती? माझी. आणि आता तुम्ही म्हणता, संख्या आणखी घटवू. मग रात्रीच्या तंबूत एक माणूस ही अडचण राहणार नाही, तीच पद्धत होईल.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते, कारण ते दुसऱ्या कुणीतरी जास्त चांगलं लिहील. उलट्या-जुलाबाची साथ अशा शिबिरांत नवी नाही. नोरोव्हायरससारखा विषाणू असेल तर लक्षणं थांबल्यानंतरही 48 तास त्या माणसाने अन्नाला हात लावू नये, हा सर्वमान्य नियम, आणि त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर भरवशाचं नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आमच्या ओळीतल्या एकाला आदल्या दिवशी उलट्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो वाढायला उभा होता. हौसेने नव्हे. त्याच्या नावापुढे ड्यूटी होती आणि बदली नव्हती. शौचालयांबाहेर सॅनिटायझरच्या बाटल्या रांगेने होत्या, साबण संपलेला.

चौथी तक्रार पैशांची, म्हणजे व्हिसाची. तुमची शुल्क परत मिळण्याची मुदत संपते तेव्हा आमच्यापैकी अनेकांच्या व्हिसाचा निकालही लागलेला नसतो. ज्यांच्या पासपोर्टवर दारं आपोआप उघडतात त्यांना हे कधी जाणवणारही नाही. बाकीच्यांनी नकार आला की शुल्क गमवायचं, तिकीट गमवायचं, आणि तुमच्याकडून 'आम्हाला खेद वाटतो' एवढं पत्र घ्यायचं. जिथे सगळ्या देशांचे झेंडे एका ओळीत लागतात तिथे निदान तारखा तरी सगळ्यांना सोसतील अशा ठेवा.

आणि पाचवी, न बोलण्याची. समाजमाध्यमांवर 'सकारात्मक अनुभव' मांडावेत, अडचणी 'अंतर्गत मार्गाने' कळवाव्यात, अशी सूचना आम्हाला पहिल्याच दिवशी मिळाली होती. अंतर्गत मार्ग म्हणजे विभागप्रमुख, जो स्वतःच तीन माणसांचं काम करतोय. त्याच्यापुढे तक्रार घेऊन जायलाही जीव होत नाही. मग लोक गप्प बसतात, आणि तुमच्या आढाव्यात लिहिलं जातं की गंभीर तक्रारी आल्या नाहीत.

तुमच्या बाजूचं मला दिसत नाही असं नाही. स्वयंसेवक कमी केले की तंबू, जेवण, विमा, बस, सगळ्याचा खर्च उतरतो, आणि त्यातून मुलांचं शुल्क कमी ठेवता येतं. हा हेतू चांगला आहे. मागच्या वेळी काही विभागांत माणसं रिकामी बसून होती, हेही खरं. कार्यक्रमांच्या मैदानावर तर बॅजांची अदलाबदल करत दुपार घालवणारे मी पाहिले. पण याचा अर्थ माणसं जास्त होती असा होत नाही. ती चुकीच्या जागी होती, कारण कोण कुठे आहे याचा तक्ता कुणाकडेच नव्हता. तक्ता नसताना संख्या घटवली तर मैदानावरची माणसं तशीच राहतील आणि रात्रीचा तंबू आधी रिकामा होईल. रात्रीचे तंबू फोटोत येत नाहीत.

आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार 1919 चा आहे, पहिल्या जांबोरीच्या एक वर्ष आधीचा. युरोपात कामगाराला दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा कायदा आहे. स्वयंसेवक कामगार नाही, म्हणून त्याला यातलं काही लागू होत नाही, असं तुमचे वकील सांगतील आणि कदाचित ते बरोबरही असेल. पण झोप न झालेल्या माणसाचं डोकं पगारपत्रक बघून चालत नाही. पोहण्याच्या तलावाशी उभा असलेला, गॅसच्या शेगड्यांपाशी उभा असलेला, बस मागे घेताना हात दाखवणारा माणूस जागा असायला हवा, एवढंच मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

परिपत्रकातली तिन्ही कलमं मागे घ्या. त्यांच्या जागी स्पष्ट लिहा: एका दिवसात आठ तासांहून जास्त ड्यूटी नाही, दोन ड्यूट्यांमध्ये 11 तासांची विश्रांती, आणि शिबिराच्या मधोमध एक पूर्ण सुट्टी, 'शक्य असल्यास' हे शब्द काढून. आणीबाणीत हे मोडावं लागलं तर मोडा, आम्ही कुरकुरणार नाही. पण कोणी मोडलं, का मोडलं, त्याची त्याच दिवशी नोंद व्हावी.

रात्रीच्या मदत तंबूत, मुलींच्या आणि मुलांच्या स्नानगृहांपाशी आणि प्रथमोपचार केंद्रात दोन प्रौढांखाली संख्या जाता कामा नये. दुसरा माणूस नसेल तर ते ठिकाण बंद करून मुलांना जवळच्या चालू ठिकाणी नेण्याचा अधिकार तिथल्या स्वयंसेवकाला असावा, वरून परवानगी न घेता.

उष्णतेची मोजणी यंत्राने व्हावी, दिवसातून अनेकदा, आणि तो आकडा प्रत्येक उपशिबिराच्या फलकावर रंगासह लागावा. कोणत्या रंगाला कोणतं काम थांबेल हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे दुपारी दोन वाजता त्यावर वाद घालावा लागणार नाही. उभारणीच्या कामासाठी येणाऱ्यांचे पहिले दिवस हलके ठेवा. त्यासाठी त्यांना लवकर बोलवावं लागलं तर आम्ही लवकर येऊ.

आजारी स्वयंसेवकाला लक्षणं थांबल्यापासून 48 तास स्वयंपाकघरातून सुट्टी, आणि ती मागताना अपराधी वाटू नये म्हणून राखीव माणसांची एक फळी. ती फळी तुमच्या हिशेबात 'रिकामी' दिसेल. दिसू द्या. आग लागत नाही म्हणून आम्ही कारखान्यातले बंब विकत नाही.

व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवणाऱ्याचं शुल्क, प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून, परत करा. तारीख कुठलीही असो.

तक्रारीचा मार्ग विभागप्रमुखाला वळसा घालून जाणारा हवा. आणि आढावा समितीवर निवडून आलेले, म्हणजे तुम्ही नेमलेले नव्हे, दोन तरी स्वयंसेवक असावेत: एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. मागच्या शिबिराच्या आढाव्याला त्यांची पुरवणी जोडल्याशिवाय तो अंतिम मानू नये.

शेवटी वेळेबद्दल. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे, आणि 2027 च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या सोबिएशेवो बेटावर पुढची जागतिक जांबोरी आहे. या काळात स्वयंसेवेवर खूप छान छान बोललं जाईल, फलक लागतील, तुमच्याकडूनही शुभेच्छापत्र येईल. त्याच लखोट्यात ड्यूटीचा तक्ता पाठवलात तर बरं होईल.

उत्तर स्वयंसेवकांची नोंदणी उघडण्यापूर्वी द्यावं, आणि ते मला खासगीत न देता सगळ्यांना वाचता येईल असं द्यावं. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असेल तर का, एवढं पुरे. मागच्या शिबिरातल्या ज्या सोबत्यांना हे पटतं त्यांनी आपापल्या भाषेत, आपल्या विभागातलं घडलेलं लिहून समितीला पाठवावं. शिवीगाळ नको, नावं नकोत, वेळ आणि जागा मात्र नेमकी लिहा. आणि ज्यांनी मला विचारलं की अर्ज भरावा का, त्यांना सध्या माझं उत्तर एवढंच: फॉर्म भरून ठेवा, शुल्क मात्र समितीचं उत्तर आल्याशिवाय भरू नका. मीही तेच केलं आहे.

कळावे,

मागच्या शिबिरातली एक स्वयंसेविका
(पाणीपुरवठा आणि रात्रीचा मदत तंबू)